वॉरंटीचे शेवटचे २१ दिवस

गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपायला २१ दिवस उरले होते आणि पुढच्या डाव्या चाकाकडचा ‘टक-टक’ आवाज दोन पावसाळे जुना. म्हापशाला सर्व्हिसिंगला दोनदा सांगितला, दोनदा ‘नॉर्मल आहे’ ऐकून परतलो. चूक माझीही होती. तक्रार तोंडी केलेली, जॉब कार्डावर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीचा कागद) नुसतं ‘जनरल सर्व्हिस’.

या वेळी आधी स्वतः शोध घेतला. हायवेवर आवाज नाही, ब्रेक मारल्यावर नाही. ताशी वीसच्या खाली एकच चाक खड्ड्यातून गेलं की मात्र हमखास. बायकोनं शेजारी बसून मोबाइलवर व्हिडिओ काढला, स्पीडोमीटर दिसेल असा. मग मेकॅनिकलाच गाडीत घेऊन चक्कर मारली (आमच्याकडे खड्डे शोधावे लागत नाहीत). आवाज ऐकताच त्यानं गाडी लिफ्टवर चढवली. स्टॅबिलायझर लिंकचा (गाडीचं कलणं रोखणारा बार चाकाच्या बाजूला जोडणारा छोटा दांडा) बॉल जॉइंट सैल झाला होता. तक्रार माझ्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसकट जॉब कार्डावर लिहून घेतली आणि प्रत खिशात टाकली.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. दोन्ही बाजूंच्या लिंक वॉरंटीत बदलून मिळाल्या. वायपर आणि ब्रेक पॅड झिजणारे, म्हणून पदरचे; तिथं वाद घातला नाही.

डावीकडची चटई सारखी ओली राहायची, ते एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेन नळी तुंबल्यामुळे. हवा मारून पाच मिनिटांत मोकळी झाली. आणि मी गेल्या चतुर्थीला माटोळीचं सामान (गणपतीच्या वर टांगायची फळं-भाज्या) सीटवर रचून आणलं होतं!