डार्कटेबलमध्ये फोटो इम्पोर्ट तर केले, आता पसारा कसा आवरायचा?

मागच्या हिवाळ्यात एकदा डार्कटेबल, म्हणजे फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर, उघडलं तर नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरच्या पक्ष्यांच्या जागी कवट्याच कवट्या. खरंच, फाइल सापडली नाही की हे सॉफ्टवेअर कवटीचं चित्र दाखवतं. चूक माझीच होती, लॅपटॉप भरला म्हणून मी अख्खा फोल्डर विंडोजमधूनच कट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकला आणि डार्कटेबलला काही पत्ताच नाही.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. इम्पोर्ट म्हणजे फोटो सॉफ्टवेअरच्या पोटात जात नाही. शेत जागेवरच असतं आणि तलाठ्याकडे फक्त सातबारा असतो ना, तसं. फोटो तुमच्या फोल्डरमध्येच राहतो, डार्कटेबल लायब्ररीत नोंद करतं की बाबा अमुक फोटो अमुक ठिकाणी आहे, त्याला इतके स्टार, हे टॅग. फरक एवढाच की इथे शेत उचलून दुसरीकडे नेता येतं, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

म्हणून फोल्डर आधी नीट लावा, इम्पोर्ट नंतर. मी वर्षाचा एक फोल्डर करतो आणि त्यात '२०२५-१२-१४ नांदूर' असं नाव देतो. वर्ष आधी, मग महिना, मग तारीख, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात. 'नवीन फोटो', 'नवीन फोटो २', 'फायनल नवीन' असली नावं कृपया नको, मी भोगलंय. मग लाइटटेबलमध्ये, म्हणजे सगळे फोटो मांडलेले दिसतात त्या खिडकीत, डावीकडे इम्पोर्टला जायचं. तिथे 'ॲड टू लायब्ररी' म्हणजे फाइल आहे तिथेच ठेवून फक्त नोंद, आणि 'कॉपी अँड इम्पोर्ट' म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी करून मग नोंद. कार्ड लावलेलं असताना पहिला पर्याय दाबू नका, कार्ड काढलं की परत कवट्या.

आता निवड. नांदूरला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली जागा ती, आणि थंडीत रविवारी तिथे पक्ष्यांइतकेच कॅमेरे असतात, आपणही त्यातलेच. एक शेकाट्या उडाला की बोट शटरवरून निघत नाही, घरी आल्यावर बघतो तर हजारभर रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या), एकेक पंचवीस-तीस एमबीची. पहिल्या फेरीत फक्त वाईट काढायचे, चांगलं शोधत बसायचं नाही. फोटोवर माउस नेऊन डब्ल्यू दाबून धरला की तो मोठा दिसतो, डोळा शार्प नसेल तर आर दाबा, रिजेक्ट. दुसऱ्या फेरीत एकसारखे चार-पाच फोटो सिलेक्ट करून कंट्रोल आणि एक्स दाबा, ते शेजारीशेजारी दिसतात, त्यातला एकच ठेवायचा आणि त्याला तीन स्टार. पाच स्टार मी वर्षातून दहा-बारा फोटोंनाच देतो, चित्रबलाक दिसला म्हणून लगेच पाच नाही.

कलर लेबल एफ१ ते एफ५ वर आहेत. लाल म्हणजे एडिट बाकी, हिरवा म्हणजे झालं, निळा म्हणजे कुणाला तरी पाठवायचाय. तुम्ही वेगळं ठरवा, पण ठरवा आणि मग बदलू नका.

टॅगचा कंटाळा सगळ्यांनाच येतो पण दोन वर्षांनी तेच कामाला येतात. कंट्रोल आणि टी दाबून टॅग टाका, मध्ये उभी रेघ दिली की आपोआप शिडी तयार होते, म्हणजे 'पक्षी|पाणपक्षी|जांभळी पाणकोंबडी' किंवा 'नाशिक|रंगपंचमी|रहाड' (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद). शुद्धलेखन मात्र एकच ठेवा, एकदा पाणकोंबडी आणि एकदा पानकोंबडी लिहिलंत तर ते दोन वेगळे टॅग होतात. रंगपंचमीला दोन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं बघा, माझ्या एकाचं घड्याळ तासभर मागे होतं त्यामुळे लोक रहाडीत उडी मारायच्या आधीच भिजलेले दिसत होते. जिओटॅगिंग मॉड्यूलमध्ये वेळेचा फरक टाकून ते सुधारता येतं.

एवढं केलं की शोधणं सोपं, कलेक्शन्समध्ये टॅग, तारीख, लेन्स काहीही निवडा आणि वर तीन स्टारचा फिल्टर लावा.

रिजेक्ट झालेले उडवताना दोन बटणं नीट वाचा. 'रिमूव्ह' फक्त नोंद काढतं, फाइल डिस्कवर तशीच राहते. 'डिलीट' फाइलच उडवतं. जागा का होत नाही म्हणून लोक वैतागतात ते बहुतेक वेळा रिमूव्ह दाबून बसलेले असतात.

फोटो हलवायचे तर डार्कटेबलमधल्या 'मूव्ह' नेच हलवा. आधीच बाहेरून हलवलेत? घाबरू नका आणि तो फोल्डर रिमूव्ह तर अजिबात करू नका. कलेक्शन्समध्ये त्या फिल्म रोलवर (डार्कटेबल फोल्डरला असंच म्हणतं) राइट क्लिक करून 'सर्च फिल्मरोल' घ्या, नवी जागा दाखवा, माझ्या कवट्या अशाच गेल्या.

बॅकअप घेताना रॉ फाइलशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीपण घ्या, कचरा समजून उडवू नका, तुमचं एडिटिंग, स्टार, टॅग सगळं त्यात लिहिलेलं असतं. दोन डिस्कवर कॉपी झाली का ते उघडून बघा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेसुद्धा कॅमेऱ्यातच.