नवं कोरं इंजिन मळवायचं कसं: मॉडेल रेल्वेतल्या वाफेच्या इंजिनाचं आणि वाघिणींचं (मालडब्यांचं) वेदरिंग, म्हणजे वापरून मळल्यासारखं रंगवणं

डब्ल्यूजीचं (आपल्याकडचं मालगाडीचं इंजिन) ब्रास किट स्वतः जोडलेलं असो नाहीतर बाहेरून मागवलेलं ब्रिटिश मालगाडीचं इंजिन ९एफ, ट्रॅकवर ठेवलं की पहिल्यांदा खेळणंच वाटतं, आणि त्यात डिटेलिंगचा काही दोष नसतो. खऱ्या इंजिनाचा काळा रंग उन्हानं, राखेनं, तेलानं करडा-तपकिरी झालेला असतो आणि आपल्या मॉडेलचा काळा कोळपलेला नसून चकचकीत असतो, एवढंच. यावर बरेच जण करतात काय तर गंजाची बाटली उघडतात आणि सगळीकडे केशरी फासतात. अरे, रोज धावणारं इंजिन एवढं गंजत नाही! गंज भंगारात उभ्या इंजिनाला चढतो. चालू इंजिनावर असते काजळी, राख, ब्रेकची धूळ, तेल आणि पाण्याचे क्षार. माझा नियम एकच, एखादा डाग कुठून आला ते सांगता येत नसेल तर तो लावायचा नाही.

म्हणून आधी फोटो शोधा, रंगीत असेल तर उत्तम, आणि तुमच्याच काळातला हवा. ब्रिटनमध्ये मेनलाइनवरची वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये संपली आणि शेवटच्या वर्षांत इंजिनं पुसायला माणसंच उरली नव्हती, त्यामुळे तिथल्या ९एफवर काजळीखाली नंबर सुद्धा दिसत नाही असे फोटो ढिगानं मिळतात. आपल्याकडच्या डब्ल्यूपीचं, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या इंजिनाचं, बघाल तर कित्येकदा उलटं, पुढचं बुलेटसारखं नाक आणि त्यावरचा तारा क्रूने घासून पुसून लखलखीत ठेवलेला आणि मागे टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) मात्र कळकट. दोन्ही खरंच आहे, पण एकाचा मळ दुसऱ्यावर चालत नाही.

आता काम. बॉडी चॅसिसवरून सुटत असेल तर सोडवा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग बोटं लावू नका. त्यावर मॅट व्हार्निशचा पातळ हात, म्हणजे पुढचं सगळं धरून बसेल. मुंबई-कोकणातल्यांनो, जुलैमध्ये भर पावसात स्प्रे कॅन मारू नका, दमट हवेत व्हार्निश पांढुरकं पडतं, कोरडा दिवस बघा. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

मग वॉश. आर्टिस्ट ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, हार्डवेअरच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा. एका वेळी एकच भाग घ्या, लावा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि रुंद मऊ ब्रशनं वरून खाली ओढत पुसून काढा. आडवं पुसायचं नाही, पाऊस आडवा वाहत नाही. रिव्हेटच्या कडेला आणि सांध्यात जे उरतं तेवढंच हवंय.

चाकं आणि रॉड (चाकांना जोडणारे दांडे) हा सगळ्यात मजेचा भाग, इथे घाई नको. कास्ट आयर्नचे ब्रेक ब्लॉक झिजून जी भुकटी उडते ती चाकांवर, फ्रेमवर, वाघिणीच्या खालच्या अंगाला बसते, आणि ती केशरी नसते, मळकट तपकिरी असते. टामिया कंपनीच्या रंगांतला एक्सएफ-६४ रेड ब्राउन, एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थ आणि थोडा काळा असं मिक्स छान बसतं. एअरब्रश असेल तर हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवून, भरपूर पातळ करून, आणि चाकं फिरत असताना मारा. साधं डीसी मॉडेल असेल तर इंजिन फोममध्ये उलटं झोपवा, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी पिकअपला (चाकांतून वीज घेणाऱ्या पट्ट्यांना) लावा. चाकं थांबवून मारलं तर रॉडच्या मागे कोऱ्या रंगाची सावली राहते आणि इंजिन अर्धा फेरा फिरलं की ती उघडी पडते. झाल्यावर लगेच इअरबडला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून चाकाचा रुळावर टेकणारा भाग आणि पिकअप पुसा, नाहीतर गाडी अडखळणार. सगळं वाळलं की रॉडच्या सांध्यांवर आणि क्रॉसहेडपाशी (पिस्टनचा दांडा रॉडला जोडणाऱ्या सरकत्या भागापाशी) टामियाचा एक्स-१९ स्मोक बारीक ब्रशनं टेकवा. तो चकाकतो, आणि बाकी सगळं मॅट असताना तेवढंच ओलं दिसलं की तेल वाटतं.

काजळी वरून खाली पडते, म्हणून ती धुराड्याभोवती, बॉयलरच्या पाठीवर आणि कॅबच्या छतावर, बाजूंना नाही. इथे पावडर बेस्ट. वेदरिंग पिगमेंट महाग वाटत असतील तर सॉफ्ट पेस्टलचा खडू सँडपेपरवर घासा, भुकटी तयार (ऑइल पेस्टल नको, त्याची भुकटी होतच नाही). शुद्ध काळा नको, करड्यात काळा मिसळा. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या कप्प्याच्या) दारापुढे फुटप्लेटवर, म्हणजे तिथल्या फळीवर, फिकट राख, कारण राख काढताना तिथेच सांडते, आणि आपल्या कोळशात राख भरपूर. एक लक्षात ठेवा, वरून व्हार्निश मारलं की पावडर निम्मी गायब होते, म्हणून आधी जरा जास्त लावा किंवा न मारता इंजिन कडेनं धरायची सवय लावा. मी दुसरं करतो.

क्षारांचे ओघळ थोडेच द्या. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली, वॉशआउट प्लगपाशी (बॉयलर धुण्याच्या भोकांच्या बुचांपाशी), बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाशी, बस्स. पांढऱ्यात एक्सएफ-५७ बफ मिसळून मळकट करा. आणि स्केलचं भान ठेवा, एचओ हे मॉडेलचं प्रमाण म्हणजे १:८७, म्हणजे तुम्ही ओढलेला १ मिलिमीटरचा ओघळ खऱ्या इंजिनावर जवळजवळ ९ सेंटिमीटर रुंद झाला! सगळ्यात बारीक ब्रश घ्या आणि ओघळाचं खालचं टोक ओल्या ब्रशनं विरवून टाका.

वाघिणींचं गणित वेगळं. त्या वर्षानुवर्षं उघड्यावर असतात, त्यामुळे इथे गंज चालतो, फक्त एका रेकमधल्या (जोडलेल्या डब्यांच्या रांगेतल्या) सगळ्या सारख्या मळवू नका. तांबड्या-तपकिरी बॉडीवर बफ, पांढरा, बर्न्ट सिएना असे ऑइल कलरचे बारीक ठिपके द्या आणि टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेल्या ब्रशनं खाली ओढा, प्रत्येक पॅनल वेगळं विटलेलं दिसतं. पोपडे हवेत तर स्पंजचा तुकडा फाडून गडद तपकिरीत बुडवा, कागदावर टिपून जवळपास कोरडा करा आणि दाराच्या कडांवर, जिथे माल आपटतो तिथे टेकवा. सिमेंट वाहणाऱ्या बंद वाघिणीला दाराखाली करडी पावडर, कोळशाच्या उघड्या वाघिणीला आतून काळं आणि घासून उघडं पडलेलं लोखंड. पीओएच (ठरावीक काळानं होणारी मोठी दुरुस्ती) झाल्याची तारीख आणि रिटर्न डेट (पुढच्या दुरुस्तीला परत यायची तारीख) जिथे लिहिलेली असते तो चौकोन जरा ताजा ठेवा, बाकी डबा मळका आणि तेवढा तुकडा नवा हे फोटोत हमखास दिसतं आणि मॉडेलवर जवळपास कुणीच करत नाही. आठ-दहा वाघिणींमागे एखादी वर्कशॉपमधून नुकतीच आलेली, स्वच्छ, अशी घातली की बाकीच्या आणखी खऱ्या वाटतात.

शेवटी टेंडरमधला प्लास्टिकचा कोळसा. तो काढा किंवा झाका. खरा कोळसा फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडा, चाळणीतून चाळा, दाणे १ ते ३ मिलिमीटरच्या वर नकोत. पाणी घातलेला फेविकॉल आणि त्यात साबणाचा थेंब, ड्रॉपरनं सोडा. फायरमनच्या बाजूला ढीग उतरता ठेवा कारण तिथून तो उपसला गेलाय, दोन-चार दाणे कॅबच्या फळीवर पडू द्या. आणि यावर मॅट व्हार्निश अजिबात नको, कोळसा चमकतोच.