अल्पजीवी आघाडी सरकारचे मंत्रिमंडळ कसे अभ्यासावे : 1979 च्या चरणसिंग सरकारच्या निमित्ताने

राज्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारे, सेट-नेटची तयारी करणारे किंवा राजकीय वार्तांकनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळाच्या रचनेचा अभ्यास कुठून सुरू करावा, हा प्रश्न हमखास निघतो. पूर्ण पाच वर्षे टिकलेले एखादे भक्कम सरकार हाताशी घ्यावे, अशी बहुतेकांची कल्पना असते. माझा सल्ला याच्या उलट असतो. स्वबळावर आलेल्या सरकारात खातेवाटप पंतप्रधानांच्या मर्जीने होते आणि त्यामागची कारणे सहसा बाहेर येत नाहीत. काही महिन्यांत कोसळलेल्या आघाडी सरकारात मात्र कोणाला काय देऊन सोबत घेतले, हे खात्यांच्या यादीतच उमटलेले असते. माझ्या स्वतःच्या संशोधनाचा पाया अशाच एका सरकारावर रचला गेला आणि आजही विद्यार्थ्यांना मी पहिला अभ्यास म्हणून तेच देतो. ते सरकार म्हणजे 28 जुलै 1979 ते 14 जानेवारी 1980 या काळातील चौधरी चरणसिंग यांचे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जनसंघातून आलेल्या नेत्यांच्या दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे पक्षात असूनही राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवण्याच्या, वादाने आणि नेत्यांमधील स्पर्धेने 1977 मध्ये सत्तेवर आलेला जनता पक्ष आतून पोखरला गेला होता. जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि खासदार जनता पक्ष सोडून जाऊ लागताच, मतदानाची वेळ येण्यापूर्वी, 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम चव्हाणांना सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यास सांगितले आणि त्यांनी असमर्थता कळवल्यावर मोरारजी व चरणसिंग या दोघांकडून पाठीराख्यांच्या याद्या मागवल्या. काही खासदारांची नावे दोन्ही याद्यांत होती. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून सहा वर्षे होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय ते दिवस समजणार नाहीत.

अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे एक मोठा तक्ता आखणे. त्यात नाव, खाते, दर्जा, राज्य, पक्ष, पूर्वीची पदे, शपथेची तारीख आणि पद सोडल्याची तारीख असे रकाने असावेत, आणि यांपैकी तारखांचे दोन रकाने सर्वांत जपून भरावेत. अनेक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर एखाद्या सरकारची मंत्र्यांची यादी एका छायाचित्रासारखी दिलेली असते, जणू सगळे एकाच दिवशी आले आणि एकाच दिवशी गेले. अल्पजीवी सरकाराबाबत अशी यादी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तिथे आठवड्या-आठवड्याला माणसे आणि निष्ठा बदलत असतात. त्यासाठी राष्ट्रपती भवनाच्या अधिसूचना छापणारे भारताचे राजपत्र, लोकसभेचे वादविवाद आणि त्या काळातील वृत्तपत्रांच्या बांधीव फायली या तिन्ही गोष्टी ताडून पाहाव्या लागतात. काम रटाळ आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता या तक्त्यातील काही ओळी भरून पाहू. उपपंतप्रधानपद आणि गृहखाते यशवंतराव चव्हाणांकडे गेले. त्यांच्या ओळीत ‘पूर्वीची पदे’ हा रकाना भरताना जागा अपुरी पडते: महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, 1962 पासून संरक्षणमंत्री, नंतर गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री. त्यापुढे ‘जुलै 1979 : विरोधी पक्षनेते’ असे लिहावे लागते आणि लगेच त्याच महिन्यात ‘उपपंतप्रधान’. ज्यांनी अविश्वासाचा ठराव मांडला त्यांनाच नव्या सरकारात दुसऱ्या क्रमांकाचे स्थान मिळाले, याचा अर्थ ही आघाडी दोन बऱ्यापैकी तुल्यबळ गटांची होती. एक गट जनता पक्षातून फुटून निघालेल्या चरणसिंगांच्या जनता पक्षाचा (सेक्युलर) आणि दुसरा नुकत्याच नावारूपाला आलेल्या अर्स काँग्रेसचा, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या, देवराज अर्स यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसचा. महाराष्ट्रातील विद्यार्थी या ओळीपाशी रेंगाळतात, आणि रेंगाळावेही. उपपंतप्रधान या पदाचा राज्यघटनेत उल्लेख नाही, घटनेच्या दृष्टीने ती व्यक्ती इतरांसारखीच एक मंत्री असते, आणि म्हणूनच हे पद निव्वळ राजकीय वजनाचे माप म्हणून वाचता येते.

खात्यांचा रकाना वरून खाली वाचला की आणखी एक गोष्ट दिसते. संरक्षण सी. सुब्रमण्यम, रेल्वे टी. ए. पै, उद्योग के. ब्रह्मानंद रेड्डी, ऊर्जा के. सी. पंत, शिक्षण डॉ. करणसिंह, वाणिज्य हितेंद्र देसाई. हे सारे जुन्या काँग्रेस परंपरेतले आणि बहुतेक जण इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात काम केलेले. दुसऱ्या बाजूला अर्थखाते हेमवतीनंदन बहुगुणांकडे, परराष्ट्र श्यामनंदन मिश्रांकडे, पोलाद व खाणी बिजू पटनाईकांकडे, आरोग्य रवी राय यांच्याकडे, माहिती व नभोवाणी पुरुषोत्तम कौशिक यांच्याकडे आणि कृषी दिल्लीचे पहिले मुख्यमंत्री चौधरी ब्रह्मप्रकाश यांच्याकडे. अर्थ, परराष्ट्र आणि कृषी ही खाती चरणसिंगांच्या बाजूला राहिली, तर गृह, संरक्षण, रेल्वे आणि उद्योग अर्स काँग्रेसकडे गेले. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या प्रश्नावर राजकारण केलेल्या चरणसिंगांनी कृषिखाते सोडले नाही, यात नवल नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी स्वतः अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडला होता, हेही याच्या शेजारी लिहून ठेवावे.

आता ‘पूर्वीची पदे’ हा रकाना आणीबाणीच्या दृष्टीने पुन्हा तपासा. ब्रह्मानंद रेड्डी हे आणीबाणीच्या काळात देशाचे गृहमंत्री होते. चव्हाण तेव्हा परराष्ट्रमंत्री, सुब्रमण्यम अर्थमंत्री, करणसिंह आरोग्यमंत्री. आणि त्याच 1975 च्या जूनमध्ये ज्यांना अटक झाली ते चरणसिंग आता पंतप्रधान होते, बिजू पटनाईक त्यांचे सहकारी. आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जनता प्रयोगाचा शेवट अशा एकत्र बसण्यात व्हावा, हे मला या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारे सत्य वाटते. कोणावर दोषारोप करण्यासाठी मी हे सांगत नाही. आघाडीचे मंत्रिमंडळ हे समान विचारांपेक्षा त्या क्षणी समान असलेल्या विरोधावर उभे राहू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा भारतीय राजकारणात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

याच संदर्भात विधी खात्याची ओळ पाहण्यासारखी आहे. आणीबाणीत नागरिकांच्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात एकट्याने भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची विधिमंत्री म्हणून नेमणूक झाली आणि तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते खाते श्यामनाथ कक्कर यांच्याकडे आले. खन्ना संसदेचे सदस्य नव्हते. संसदेबाहेरची व्यक्ती सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकते ही कलम 75 मधील तरतूद अनेकांना पाठ असते, पण तिचे प्रत्यक्ष उदाहरण विचारले की आठवत नाही. शेवटची यादी पाहणाऱ्याला खन्नांचे नाव दिसणारच नाही. तारखांच्या रकान्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

शपथेच्या तारखांनी आणखी एक प्रसंग उजेडात येतो. चरणसिंगांना 20 ऑगस्टला लोकसभेत विश्वासमत घ्यायचे होते. त्याच्या अगदी तोंडावर अण्णा द्रमुकचे अरविंद बाला पजनोर आणि सत्यवाणी मुत्तू यांना मंत्रिमंडळात घेण्यात आले. द्राविड चळवळीतून आलेल्या पक्षाला केंद्रीय मंत्रिमंडळात स्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. सत्यवाणी मुत्तू या दलित समाजातून आलेल्या ज्येष्ठ नेत्या होत्या. पुढे 1989 नंतर प्रादेशिक पक्ष दिल्लीच्या सत्तेत नियमित वाटेकरी झाले, त्याची सुरुवात शोधायची तर या ऑगस्टपर्यंत मागे यावे लागते, असे माझे मत आहे. बहुमत मात्र त्याने सावरले नाही. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या इंदिरा काँग्रेसने तो काढून घेतला आणि 20 ऑगस्टला चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला. 22 ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली.

राज्यांचा रकाना भरताना माजी मुख्यमंत्र्यांची संख्या डोळ्यांत भरते. चरणसिंग आणि बहुगुणा उत्तर प्रदेशचे, चव्हाण महाराष्ट्राचे, पटनाईक ओरिसाचे, ब्रह्मानंद रेड्डी आंध्रचे, हितेंद्र देसाई गुजरातचे आणि ब्रह्मप्रकाश दिल्लीचे. आपापल्या राज्यात स्वतंत्र ताकद राखून असलेली इतकी माणसे एका मंत्रिमंडळात असली, की पंतप्रधानांचा शब्द अखेरचा राहत नाही.

यादीत कोण नाही, हेही लिहून काढावे. मोरारजी सरकार पाडण्यात ज्यांचा मोठा वाटा मानला जातो ते राजनारायण मंत्री झाले नाहीत. दुहेरी सदस्यत्वाचा मुद्दा लावून धरणारे मधू लिमये झाले नाहीत. जॉर्ज फर्नांडिसही नाहीत. मोरारजींच्या मंत्रिमंडळात असलेले मधू दंडवते आणि मोहन धारिया हे महाराष्ट्रातील समाजवादी विचारांचे नेते जनता पक्षातच थांबले. एकाच परंपरेतील माणसे अशी का विभागली गेली, हा एम.ए.च्या प्रबंधिकेला पुरेल असा स्वतंत्र विषय आहे आणि मराठीत त्यावर लिहिण्यासारखे बरेच शिल्लक आहे.

ऑगस्टनंतरचे साडेचार महिने विद्यार्थी टाळतात, कारण ‘काळजीवाहू’ म्हटले की काही घडलेच नसेल असे त्यांना वाटते. घटनेत काळजीवाहू सरकार असा शब्द नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिपरिषद असावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात सांगितले होते. चरणसिंग सरकारच्या अधिकारांचा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे मदन मुरारी वर्मा खटल्यात आला आणि असे सरकार दैनंदिन कारभार चालवू शकते, मोठे धोरणात्मक निर्णय त्याने घेऊ नयेत, असा आशय त्या निकालातून पुढे आला. हे दोन्ही निकाल मुळातून वाचा. प्रत्यक्षात याच काळात काळाबाजार रोखण्यासाठी प्रतिबंधात्मक अटकेचा अध्यादेश निघाला, ऑक्टोबरमध्ये बहुगुणा अर्थसंकल्प न मांडताच बाहेर पडले आणि इंदिरा काँग्रेसकडे गेले, आणि डिसेंबरअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. पक्षाचा रकानाही स्थिर राहिला नाही. सप्टेंबरमध्ये जनता पक्षाचा (सेक्युलर) लोकदल झाला, त्यामुळे त्या गटातील मंत्र्यांपुढे दोन पक्षनावे तारखांसह लिहावी लागतात.

जानेवारी 1980 च्या निवडणुकीचे आकडे तक्त्याच्या तळाशी नोंदवा: इंदिरा काँग्रेस 353, लोकदल 41, जनता पक्ष 31, अर्स काँग्रेस 13. महाराष्ट्रातून अर्स काँग्रेसतर्फे निवडून आलेले एकटे खासदार साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण होते.

हा तक्ता पूर्ण झाला की दुसरा अभ्यास म्हणून नोव्हेंबर 1990 मध्ये आलेले चंद्रशेखर सरकार घ्यावे. तिथेही फुटलेला गट, तिथेही काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा, तिथेही देवीलाल यांच्या रूपाने उपपंतप्रधान. फरक एवढाच की 1985 चा पक्षांतरबंदी कायदा मध्ये आलेला होता. जानेवारी 1991 मध्ये लोकसभा अध्यक्षांनी त्या कायद्याखाली काही सदस्यांना अपात्र ठरवले, त्यांत परराष्ट्रमंत्री विद्याचरण शुक्ल होते आणि पुढे त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. तो निर्णय देणारे अध्यक्ष होते रवी राय, तुमच्या पहिल्या तक्त्यातील आरोग्यमंत्री.