ठेक्यावर काम करणाऱ्या तरुणांनी कामाचा पुरावा कसा जपावा

बारावी किंवा आयटीआय करून सातपूर, अंबड वा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आलेला तरुण पुष्कळदा कंपनीकडे नव्हे, तर ठेकेदाराकडे कामाला लागतो. आणि ठेकेदार बदलला की आपण तिथे राबलो होतो हे दाखवणारा एकही कागद त्याच्याजवळ उरत नाही. म्हणून नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

एका वहीत तारीख, कामाच्या वेळा, जादा तास, ठरलेला रोज, घेतलेली उचल आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम रोजच्या रोज लिहावी. ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव लिहावे, कारण ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने त्या कंपनीवर येते. गेटपासचा फोटो काढून ठेवावा आणि पगार शक्यतो बँकेत जमा करण्याचा आग्रह धरावा.

‘पीएफ कापला’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या साधारण १२ टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते आणि तेवढाच वाटा मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचा असतो. आपला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक मागून घ्यावा, उमंग या सरकारी ॲपवर दरमहा पासबुक तपासावे आणि नव्या ठेकेदाराकडे जाताना तोच क्रमांक द्यावा, म्हणजे जुनी रक्कम मागे अडकून पडत नाही.

बांधकामावरच्या मजुरांसाठी राज्याचे वेगळे कल्याणकारी मंडळ आहे. तिथे नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला जोडावा लागतो. अनेक ठेकेदारांकडे तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्याला हा दाखला नंतर जमवणे फार जड जाते, तेव्हा प्रत्येक काम संपताच तो लिहून घ्यावा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीच्या हंगामापुरते टोळीने जाणाऱ्यांना पीएफ वा ईएसआयसी (कामगार राज्य विमा) नसते. त्यांनी असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि बँक खाते असले की पोर्टलवर स्वतः केलेली नोंदणी मोफत होते.