मुलांसोबत आठ पानांची व्यंगचित्रांची वही कशी करायची

सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना घेऊन हे नक्की करा, आम्ही ठाण्यात आमच्या हॉलमध्ये केलं, बारा मुलं होती. दहा वर्षांच्या वरचीच घ्या.

आधी होर्स्ट रोझेन्थालची गोष्ट सांगायची, अजिबात घाई न करता. जर्मनीतला ज्यू मुलगा, १९३३ ला हिटलर आला तेव्हा पळून फ्रान्सला गेला, पुढे तिथेही पकडून छावणीत टाकला, आणि १९४२ मध्ये फ्रान्समधल्याच गुर्सच्या छावणीत त्याने एक छोटी वही काढली ज्यात कैदी कोण तर मिकी माऊस! कागदपत्रं नाहीत म्हणून पोलीस धरतो, साहेब बापाचं नाव विचारतो, हा सांगतो वॉल्ट डिस्ने. ज्यू आहेस का विचारलं तर बिचाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नाही. शेवटी म्हणतो मी तर नुसतं चित्र, आणि खोडरबराने स्वतःला पुसून निघून जातो. होर्स्टला तसं जाता आलं नाही, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला ऑशविट्झला, हिटलरच्या मृत्युछावणीत, नेऊन मारलं. हे लपवू नका. आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही, तेव्हा आपणही गप्प बसायचं.

ज्यू म्हणजे कोण असं विचारतीलच, तर ठाण्यातल्या टेंभी नाक्याकडचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दाखवून आणा, १८७९ चं आहे, आपल्याकडच्या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्रायली लोकांचं, कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे आणि ज्यांची घरची भाषा मराठीच.

मग ए-फोर कागद दोनदा दुमडा, वरची घडी कापा, मध्ये स्टेपल मारा, झाली आठ पानं. आधी पेन्सिल, मग काळं पेन.

वहीतल्या गोष्टीचा हिरो मिकीसारखा घ्यायचा, ज्याला ऑफिसातलं काही कळत नाही. एका मुलीने कावळा घेतला, साहेब पत्त्याचा पुरावा मागतो तर कावळा चोचीत अख्खं झाड घेऊन येतो आणि साहेब म्हणतो याची झेरॉक्स कुठंय. साहेबाचा चेहरा तिने काढलाच नाही, फक्त शिक्का काढला, टेबलाएवढा!

मला हेच हवं होतं, खिल्ली खुर्चीची उडवायची, कोणाच्या नाकाडोळ्यांची नाही. आर्थर शिक नावाचा पोलंडचा ज्यू चित्रकार १९४० ला अमेरिकेत पोचला, हिटलर आणि त्याचा साथीदार गोअरिंग यांची त्याने जी चित्रं काढली ती मला प्रचंड आवडतात, पण जपान्यांना काढताना त्याने दात न डोळेच विचित्र केले, ते मला पटत नाही, नाझी, म्हणजे हिटलरचे लोक, ज्यूंच्या नाकाचं हेच करत होते ना.

शेवटच्या पानावर हिरो तिथून कसा सुटतो ते ज्याचं त्याने शोधायचं. फक्त खोडरबर कोणी वापरायचा नाही, तो होर्स्टचा आहे.