मनीप्लांट काढला, जास्वंद लावली

आमच्याकडे एक छोटा सल्काटा आहे, म्हणजे जमिनीवरचं आफ्रिकन कासव, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला, दादरच्या वन बीएचकेत हॉलच्या कोपऱ्यात त्याचं लाकडी खोकं. हिरवं दिसावं म्हणून मी बाल्कनीतलाच मनीप्लांट खोक्यात ठेवला आणि तिथेच फसलो. दोन दिवसांनी बघतो तर पानाला व्ही आकाराचा चावा, तोंडाला लाळ, आणि हा पुढच्या पायाने सारखं तोंड पुसतोय. व्हेट म्हणाले, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच टोचतात, डिफेनबाकिया या शोभेच्या झाडाचंही तसंच. थोडक्यात वाचला. कण्हेर आणि सदाफुली तर आसपासही नको, ती खरोखर विषारी.

मग जास्वंद आणली, पानं-फुलं दोन्ही खातो, शिवाय स्पायडर प्लांट आणि बिनकाट्याचा फड्या निवडुंग. पण नर्सरीतून आणलेलं झाड डायरेक्ट आत ठेवायचं नाही हां! कीटकनाशक मारलेलं असतं, मातीत खताच्या गोळ्या आणि ते पांढरे पर्लाइटचे दाणे, कासव तेही खातं. मी मुळं धुवून साध्या मातीत लावली आणि दीड महिना खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली, नवीन पालवी आली तेव्हाच आत.

जास्वंदीला ऊन लागतं, म्हणून तीन कुंड्या, एक आत दोन बाहेर, दर आठवड्याला अदलाबदल. मातीवर चपटे दगड, नाहीतर साहेब उकरून ठेवतात. झाडावर पिठ्या ढेकूण, म्हणजे ती पांढरी कीड, झाली तर फवारा नाही, नळाखाली धुतो. आई अजून कुरकुरते, गणपतीला फुलं उरतच नाहीत म्हणून.