टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप एक्झॉस्टच्या धगीजवळून कसा न्यायचा

टर्बो बदलला, मॅनिफोल्ड बदललं किंवा साध्या डिझेल इंजिनला टर्बो चढवला की सगळं लक्ष बूस्टवर, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेच्या प्रेशरवर, असतं आणि ऑइल रिटर्नचा पाइप शेवटी, उरलेल्या फटीतून कसातरी घुसवला जातो. प्लीज असं करू नका. आधी या पाइपचा रस्ता ठरवा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

टर्बोत ऑइल पंपाच्या प्रेशरने जातं, पण बाहेर पडताना प्रेशर जवळजवळ शून्य. आत शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो त्यामुळे ऑइलचा फेस झालेला असतो आणि तो फेस नुसत्या स्वतःच्या वजनाने खाली चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, उतरायचा असतो. म्हणून टर्बोतून खाली येणारा हा रिटर्न पाइप जाडच हवा, आतून पाच सूत म्हणजे 16 एमएम उत्तम, छोट्या टर्बोला चार सूत चालतं, त्याखाली जाऊ नका. टर्बोचं ड्रेनचं तोंड खाली, उभ्या रेषेपासून फार तर 35 अंश कललेलं, आणि तिथून पुढे पाइप सतत उतरता. मध्ये कुठे झोळ पडला की ऑइल तिथे साचतं आणि मागे तुंबतं. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखं असतं, साचलेलं ऑइल ते अडवू शकत नाही, मग सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि चांगला टर्बो उगाच काढला जातो. चेंबरमध्येही पाइप ऑइलच्या लेव्हलच्या वरच शिरला पाहिजे, गाडी घाटात तिरकी झाली तरी. ब्रीदर (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोक असेल तर तोही आधी साफ करा, चेंबरमध्ये गॅसचं प्रेशर असेल तर वरून ऑइल उतरणार कसं?

आता धगीचं बघू. फुल लोडवर डिझेलचा एक्झॉस्ट 700 अंशांच्या पुढे जातो, पेट्रोलचा 900 च्या वर. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली की त्याची वाफ पेटते ते तापमान, 200 ते 230 च्या आसपास. म्हणजे लाल झालेल्या मॅनिफोल्डवर ऑइलची धार पडली की बॉनेटखाली आग, यात नशिबाचा भाग फार कमी. म्हणून जॉइंट, मग तो क्लिपचा असो की फिटिंगचा, मॅनिफोल्ड किंवा डाऊनपाइपच्या (टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपच्या) बरोब्बर वर कधीच ठेवू नका.

वरचा तुकडा, म्हणजे टर्बोच्या फ्लँजपासून गरम भाग ओलांडेपर्यंत, स्टीलचाच करा, आर्गन वेल्डिंग करून. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून बरेच जण लावतात पण व्हायब्रेशनने ती कडक होऊन चिरते, तिथे नकोच. रबरी होज फक्त खाली, थंड भागात, आखूड तुकडा, इंजिनची हालचाल सोसण्यापुरता. साधा नायट्राइल होज 100-120 अंशांच्या पुढे कडक होऊन तडकतो. निळा-लाल सिलिकॉन होज दिसायला छान, पण आतून फ्लोरोचं अस्तर नसेल तर ऑइलने फुगतो आणि लूज पडतो, कूलंटचा होज इथे लावू नका. व्हायटॉन (फ्लोरो रबर) 200 पर्यंत टिकतं, स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉन साधारण 260 पर्यंत.

एक्झॉस्टपासून निदान दोन इंच अंतर मिळतंय का बघा. नसेल तर मध्ये पत्र्याची शील्ड लावा आणि शील्डच्या दोन्ही बाजूंना हवा खेळू द्या, चिकटवलेली शील्ड उष्णता सरळ पुढे देते. त्यावर होजला ग्लास फायबरची स्लीव्ह, पण स्लीव्ह हे जास्तीचं संरक्षण, अंतराची जागा ती घेत नाही. अंतर वाढवायला म्हणून पाइप आडवा फिरवून उतार घालवू नका, दोन्ही जमत नसेल तर चेंबरचं सॉकेट, म्हणजे पाइप आत शिरतो ते तोंड, दुसऱ्या जागी वेल्ड करा किंवा टर्बोचा मधला भाग थोडा फिरवून बसवा, पण 35 अंशांच्या आतच. आणि एक्झॉस्टला गुंडाळलेल्या पट्टीवर ऑइल गळलं असेल तर ती पुसून वापरायची नाही, फेकायची. ऑइल प्यायलेली पट्टी वातीसारखी पेटते.

पाइपचा क्लॅम्प इंजिनलाच, चॅसीला नाही, नाहीतर इंजिन हललं की वेल्डला तडा. फ्लँजला नवं पॅकिंग, आणि सिलिकॉन सीलंट तिथे नको, आतल्या बाजूला दाबून आलेला गोळा पाइप चोक करतो.

सगळं बसलं की गाडी चांगली गरम करून या आणि टेम्परेचर गनने होज तपासा. चकचकीत जाळीवर गन कमी आकडा दाखवते म्हणून आधी काळ्या हीटप्रूफ पेंटचा ठिपका मारा. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण तेव्हा ऑइल वाहत नसतं, फॅनची हवा नसते आणि होज सगळ्यात जास्त तापतो. आकडा होजच्या लिमिटच्या जवळ आला तर रस्ता बदला. मग हजारेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना क्लिप पुन्हा टाइट करा आणि होज बोटांनी दाबून बघा, कडक लागला किंवा बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदला.